मायक्रो मशीन्स: अमिगा आणि डॉसवरचा खेळ जमवताना, पारखताना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. रविवारी पहाटे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारांत, म्हणजे कार बूट सेलमध्ये, फिरून जुने संगणक-खेळ शोधतो. पुण्या-मुंबईचे मित्र आणि इथले मराठी शेजारी या एका खेळाबद्दल पुन्हापुन्हा विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

हा खेळ नेमका कोणता?

अमेरिकेतल्या लुईस गलूब टॉइज या कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मायक्रो मशीन्स’ नावाच्या इवल्याशा मोटारी बाजारात आणल्या. मुठीत चार-पाच सहज मावतील एवढ्या. जॉन मोशिटा हा भन्नाट वेगाने बोलणारा कलाकार त्यांच्या टीव्ही जाहिरातींत असायचा. त्या खेळण्यांवरून कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीने १९९१ मध्ये निन्टेंडोच्या, टीव्हीला जोडून खेळायच्या एनईएस यंत्रासाठी संगणक-खेळ काढला. त्याचा प्रोग्रॅम अँड्र्यू ग्रॅहम यांनी लिहिला. १९९३ मध्ये तो सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्रावर आणि कमोडोरच्या अमिगा या घरगुती संगणकावर आला आणि पुढे डॉसवर चालणाऱ्या पीसीवरही आला.

खेळ वरून पाहायचा असतो, गच्चीतून खालचा रस्ता दिसावा तसा. फक्त इथे रस्ता नसतो, घर असतं. नाश्त्याच्या टेबलावर सीरिअलच्या कड्यांनी आखलेल्या वाटेवरून जीप धावतात. पूल टेबलवर फॉर्म्युला वन गाड्या धावतात आणि चुकलात तर गाडी थेट पॉकेटात जाते. बाथटबमध्ये स्पीडबोटी, वाळूत डून बगी, बागेत हेलिकॉप्टर, अभ्यासाच्या मेजावर स्पोर्ट्स कार. लहानपणी आपण सगळ्यांनी फरशीच्या रेघेला रस्ता आणि पाटाच्या कडेला दरी मानलं आहे. हा खेळ तेच मनापासून खरं मानतो. म्हणून तीस वर्षांनंतरही तो जुनाट वाटत नाही, आणि तो नीट जपला गेला पाहिजे असं मला वाटतं.

दोघे खेळत असले की पडदा एकच असतो. जो मागे पडून पडद्याबाहेर जातो तो ती फेरी हरतो. घरात आरडाओरडा व्हायला एवढं पुरतं.

इतक्या यंत्रांवर निघाला, मग घरगुती संगणकाचीच आवृत्ती का जमवायची?

टीव्हीला जोडायच्या यंत्रांचे खेळ प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजमध्ये येत, आणि तिला फारसं काही होत नाही. संपर्काच्या पट्ट्या पुसल्या की बहुतेक चालतात. मेगा ड्राइव्हची आवृत्ती इथे आजही वारंवार दिसते. अमिगा आणि डॉसचा खेळ मात्र पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात, फ्लॉपीवर यायचा. खोकं कपाटात मावेना म्हणून घरोघरी ते फेकलं गेलं, फ्लॉप्या एका डबीत गेल्या आणि पुस्तिका हरवली. खोकं, पुस्तिका आणि चालणारी फ्लॉपी हे तिन्ही एकत्र सापडणं म्हणूनच अवघड आहे, आणि संग्राहक जादा पैसे मोजतो ते या एकत्र असण्यासाठी.

किंमत कशी ठरवायची? एक आकडा सांगा ना.

आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. आज लिहिलेला आकडा सहा महिन्यांनी कुणीतरी पुरावा म्हणून पुढे करतो आणि बोलाचाली होते. पद्धत सांगतो.

लिलावाच्या संकेतस्थळावर लोक जो भाव मागतात तो बाजूला ठेवा. कुणीही काहीही मागू शकतं. ‘विकले गेलेले’ हा पर्याय निवडा आणि आपल्याच आवृत्तीच्या शेवटच्या आठ-दहा विक्री कागदावर उतरवा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहा: खोकं आहे का, पुस्तिका आहे का, फ्लॉपी चालवून पाहिली आहे का, टपालखर्च किती. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त विक्री खोडा. सर्वांत महाग विक्रीमागे बहुधा दोन हट्टी माणसं एकमेकांना भिडलेली असतात. सर्वांत स्वस्त विक्रीत बहुधा विकणाऱ्याने नावच चुकीचं टाकलेलं असतं. उरलेल्यांत तुमच्या प्रतीसारखी जी असेल, तिच्या आसपास तुमचा भाव.

त्यानंतर प्रतीची अवस्था. माझ्या हिशेबात खोक्याच्या कडा आणि कोपरे सर्वांत आधी येतात. मग फ्लॉपी वाचली जाते का, मग पुस्तिका, आणि शेवटी आतले सटरफटर कागद, म्हणजे नोंदणीकार्ड आणि जाहिरातीची पत्रकं. काही संग्राहक फ्लॉपीला पहिला मान देतात. त्यांचंही पटण्यासारखं आहे, कारण न चालणारा खेळ हा फक्त पुठ्ठा असतो. पण फ्लॉपीतली माहिती दुसऱ्या प्रतीवरून परत मिळू शकते, फाटलेलं खोकं परत मिळत नाही.

‘टेस्टेड’ लिहिलंय. विश्वास ठेवायचा का?

पडद्यावर चालू असलेल्या खेळाचा, शेजारी फ्लॉपी ठेवलेला फोटो मागा. खरा विक्रेता पाच मिनिटांत पाठवतो. ‘माझ्याकडे यंत्र नाही, पण चालायला हवं’ असं उत्तर आलं तर ती न तपासलेली प्रत समजून भाव सांगा. त्यात विक्रेत्यावर संशय घेण्यासारखं काही नाही, फक्त धोका कुणाचा हे आधी ठरतं.

मी स्वतः एकदा फोटो न मागता अमिगाचं सुंदर खोकं घेतलं. घरी उघडलं तर आत एका मासिकासोबत फुकट मिळालेली डेमोची फ्लॉपी होती. विकणाऱ्या गृहस्थांनाही ते ठाऊक नव्हतं. मुलाचं सामान माळ्यावरून काढून तसंच विकलेलं. पैसे परत मिळाले, पण आठवडाभर जो आनंद मनात धरून बसलो होतो तो गेला.

नकली प्रत कशी ओळखायची?

भिंग घ्या. साधं, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते चालेल. ऑफसेटवर छापलेल्या खोक्यावर रंगांचे ठिपके शिस्तीत, फुलासारख्या नक्षीत बसलेले दिसतात. घरच्या इंकजेटवरची छपाई विस्कळीत फवाऱ्यासारखी दिसते. पुठ्ठ्याची आतली बाजूही पाहा. तीस वर्षांच्या पुठ्ठ्याला करडा-पिवळसर रंग आणि कोरडेपणा येतो, त्याची नक्कल करणं कठीण असतं.

फ्लॉपीवर कारखान्यात छापलेलं लेबल हवं. कंपनीने विकलेल्या फ्लॉप्यांना बहुतेक वेळा लिहिण्यापासून बचाव करणारी सरकती पट्टी नसते, तिथे नुसती उघडी खिडकी असते. पट्टी आहे म्हणून फ्लॉपी नकलीच असं म्हणता येत नाही, पण मग लेबल दुप्पट लक्ष देऊन पाहायचं.

‘सीलबंद’ प्रतीबद्दल मी फार सावध असतो. पारदर्शक वेष्टन नव्याने चढवण्याचं यंत्र कुणालाही विकत मिळतं. वेष्टनाखाली खोक्याचा कोपरा झिजलेला असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

दुकानाचं किमतीचं स्टिकर काढू का?

काढू नका. त्या काळी ब्रिटनमध्ये हे खेळ डब्ल्यू. एच. स्मिथ, बूट्स, वूलवर्थ्स अशा साध्या दुकानांतही मिळत. वूलवर्थ्सची इथली दुकानं तर आता राहिलीच नाहीत. स्टिकर ओढलं की छपाईचा वरचा थर सोबत येतो, आणि त्या पांढऱ्या चट्ट्यामुळे जेवढी किंमत पडते तेवढी स्टिकरने कधीच पडत नाही. शिवाय ते स्टिकर त्या खोक्याच्या प्रवासाची खूण आहे. मला ते असलेलंच आवडतं.

अमिगाची फ्लॉपी माझ्या पीसीवर का वाचता येत नाही?

दोन्ही फ्लॉप्या साडेतीन इंची आणि दिसायला जुळ्या, पण लिहिण्याची रीत वेगळी. अमिगा एका बाजूच्या पूर्ण ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या एका गोल वाटेवर, ५१२ बाइटचे ११ सेक्टर (तुकडे) सलग लिहितो. ८० ट्रॅक, दोन बाजू, म्हणजे ८८० किलोबाइट. त्याच दुप्पट-घनतेच्या फ्लॉपीवर पीसी ७२० किलोबाइट लिहितो. पीसीच्या नेहमीच्या फ्लॉपी कंट्रोलरला अमिगाची मांडणी कळत नाही. ‘फ्लॉपी खराब आहे, पीसी फॉरमॅट करायला सांगतोय’ असा निरोप मला दर महिन्याला येतो. कृपा करून फॉरमॅट करू नका. फ्लॉपी बहुधा ठणठणीत असते.

वाचायची असेल तर एक खरा अमिगा लागेल, किंवा ग्रीसवीझल अथवा क्रायोफ्लक्स यांसारखं छोटं उपकरण साध्या फ्लॉपी ड्राइव्हला जोडावं लागेल. ही उपकरणं फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतात. ते महत्त्वाचं आहे, कारण अनेक कंपन्या नक्कल रोखण्यासाठी काही ट्रॅक मुद्दाम विचित्र पद्धतीने लिहीत. अमिगाच्या फ्लॉपीची नक्कल साठवणाऱ्या साध्या एडीएफ फाइलमध्ये ते ट्रॅक उतरत नाहीत. आयपीएफ किंवा एससीपी या प्रकारच्या फाइलमध्ये उतरतात.

फ्लॉपी हाती आल्या आल्या ड्राइव्हमध्ये टाकू का?

आधी धातूची किंवा प्लॅस्टिकची सरकती झडप बाजूला करून आतली काळी-तपकिरी चकती उजेडात पाहा. चकती मधल्या चाकाने हळूहळू फिरवत पूर्ण गोल बघा. पांढुरके ठिपके किंवा धुरकट वर्तुळं दिसली तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेडखाली तिचा थर खरवडला जातो, आणि तोच मळ पुढच्या चांगल्या फ्लॉपीला लागतो. एका सडक्या आंब्याने पेटी जाते तसंच. चकती स्वच्छ दिसली तरी अनोळखी फ्लॉपीनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्याची सवय लावा.

मुंबईत, कोकणात, गोव्यात राहतो. पावसाळ्यात कसं सांभाळायचं?

या प्रश्नावर मी फोनवर तास-तास बोललो आहे, कारण आपल्याकडच्या संग्रहाचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. इंग्लंडच्या माळ्यावर तीस वर्षं टिकलेलं खोकं वसई किंवा रत्नागिरीच्या दोन पावसाळ्यांत फुगू शकतं.

झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक ठेवा. चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये आकडा राहिला की पुठ्ठा आणि फ्लॉपी दोन्ही सुखी. जेलचा रंग बदलला की पुड्या वाळवा. वाळवल्या नाहीत तर डब्याचा उपयोग उलटा होतो, कारण ओल आतच कोंडते. जूनच्या आधी, हवा कोरडी असतानाच डबा बंद करा. पहिल्या सरीनंतर बंद केला तर तुम्ही पावसाची हवाच आत भरलेली असते.

डांबराच्या गोळ्या ठेवू नका. आजीच्या पैठणीच्या ट्रंकेत त्या ठीक होत्या, पण नॅफ्थलीनची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ आणि चिकट करते. कसर आणि वाळवीसाठी डबा जमिनीवर आणि भिंतीला लागून न ठेवणं हाच खरा उपाय. खोक्यांना रबरबँड लावू नका. उन्हाची तिरीप येते तिथे मांडू नका, लाल रंग लवकर उडतो. स्पीकरजवळही नको, त्यात चुंबक असतो.

खेळायचं कशावर? मूळ यंत्र घ्यावंच लागेल का?

घ्यावंच लागेल असं नाही. डॉसची आवृत्ती डॉसबॉक्स या, नव्या संगणकावर जुने डॉस खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खेळता येते. फार वेगाने पळत असेल तर त्यातला ‘सायकल्स’चा आकडा कमी करा. अमिगासाठी एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम, आहेत. खरा अमिगा असेल आणि त्याला हार्ड डिस्क जोडली असेल तर डब्ल्यूएचडीलोड हा प्रोग्रॅम फ्लॉपीवरचे जुने खेळ हार्ड डिस्कवरून चालवतो. नव्या मॉडेलवर अडखळणारे बरेच जुने खेळही त्याने सुरळीत चालतात.

खरा अमिगा घेणार असाल तर आतून पाहिल्याशिवाय घेऊ नका. ए५०० प्लसच्या बोर्डवर एक बॅटरी असते. ती गळली की आसपासचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते. ए६०० आणि ए१२००चे कपॅसिटर गळतात. कमोडोर कंपनी १९९४ मध्येच बुडाली, त्यामुळे बहुतेक यंत्रं आता तीस वर्षांच्या पुढची आहेत. ‘चालू आहे’ म्हणजे ‘अजून चालू आहे’ असं समजा.

ब्रिटनमधला अमिगा भारतात चालतो, हा मोठा दिलासा. दोन्हीकडे टीव्हीच्या पाल (PAL) पद्धतीचं चित्र आणि ५० हर्ट्झची वीज, दाबही जवळपास सारखा. फक्त प्लग वेगळा असतो. अमेरिकेतून आणलेल्या यंत्राला मात्र वेगळा वीजपुरवठा लागेल, आणि त्याचं चित्र तिकडच्या एनटीएससी पद्धतीचं असेल.

फ्लॉपीची नक्कल काढणं कायद्यात बसतं का?

प्रत तुमच्या कायदेशीर ताब्यात असेल तर भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ तुम्हाला सांभाळून ठेवण्यासाठी प्रत काढू देतं: मूळ प्रत हरवणं, नष्ट होणं किंवा खराब होणं यापासून बचाव म्हणून, आणि खेळ ज्यासाठी दिला त्याच वापरासाठी. ती विकणं किंवा वाटणं यात बसत नाही. ‘कंपनीने विकणं बंद केलं म्हणजे खेळ फुकट झाला’ हा समज चुकीचा आहे. कोडमास्टर्स २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली. जुन्या खेळांचे हक्क वाऱ्यावर पडलेले नसतात.

दुसरा भाग जास्त मौल्यवान आहे म्हणतात. खरं का?

‘मायक्रो मशीन्स २: टर्बो टूर्नामेंट’ १९९४ मध्ये मेगा ड्राइव्हवर आला, आणि त्याचं कार्ट्रिज ही खरोखर पाहण्यासारखी वस्तू आहे. त्याला जे-कार्ट म्हणतात. कार्ट्रिजच्या अंगातच जॉयपॅडची आणखी दोन तोंडं बसवलेली आहेत. म्हणजे यंत्राची दोन आणि ही दोन मिळून चार. एका पॅडच्या दोन टोकांना दोघे धरले तर आठ जण खेळू शकतात. दिवाळीत सगळी भावंडं जमल्यावर आम्ही हे केलं आहे, आणि त्या संध्याकाळी फराळ थंड झाला तरी कुणी उठलं नाही.

पण जे-कार्ट विचित्र दिसतं म्हणून दुर्मिळ आहे असं नाही. ते भरपूर विकलं गेलं. घेताना चारही तोंडं एकेक करून तपासा.

खोक्यावर गलूबचं नाव आहे. खेळणी बनवणाऱ्यांचा आणि कोडमास्टर्सचा एवढाच संबंध?

नाही, आणखी एक गंमतीचा धागा आहे. खेळात फेरफार करून जादा आयुष्यं वगैरे मिळवून देणारं ‘गेम जिनी’ हे उपकरण कोडमास्टर्सने बनवलं आणि अमेरिकेत ते गलूबने विकलं. त्यावरून गलूब आणि निन्टेंडो कोर्टात भिडले. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने गलूबच्या बाजूने निकाल दिला. म्हणून काही संग्राहक मायक्रो मशीन्सशेजारी गेम जिनीही मांडतात. मीही मांडतो. १९९८ मध्ये गलूब हॅसब्रोकडे गेली, तेव्हा नंतरच्या खोक्यांवर नाव बदललेलं दिसेल.

खरी खेळण्यातली मोटार खोक्यासोबत ठेवली तर किंमत वाढते का?

शोभा वाढते. विक्रीची किंमत नाही. मुळात खोक्यात नसलेली वस्तू ‘पूर्ण संच’ म्हणून विकू नका.

खेळण्यातल्या मोटारींवरचे दुसरे खेळ कोणते जमवण्यासारखे?

एपिक्सने १९८४ मध्ये कमोडोर ६४ साठी ‘हॉट व्हील्स’ काढला होता. फार लहान मुलांसाठी होता, म्हणून जपलेली प्रत कमी दिसते. विंडोजच्या काळातले १९९९चे ‘लेगो रेसर्स’ आणि ‘री-व्होल्ट’ सीडीवर आहेत. री-व्होल्टमध्ये रिमोटवरच्या मोटारी असतात आणि आपल्याकडच्या माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी तो सायबर कॅफेत खेळला आहे. मूळ खोक्यातली प्रत भारतात शोधायची असेल तर वेळ हाताशी ठेवा. तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारातून घरी यायची ती बहुधा हाताने नाव लिहिलेली सीडी असायची. खोकं फार थोड्यांनी पाहिलं.

इंग्लंडहून मागवताना काय काळजी घ्यायची?

विक्रेत्याला ‘भेटवस्तू लिहा, किंमत कमी दाखवा’ असं सांगू नका. पार्सल हरवलं तर भरपाईही त्या कमी किमतीचीच मिळते, आणि कस्टमकडे अडकलं तर तुमची बाजू लंगडी पडते. खोक्याचा भाव, टपाल आणि संभाव्य कस्टम शुल्क मिळून परवडतंय का हे बोली लावण्याआधी पाहा.

कुणी नातेवाईक येणार असतील तर त्यांच्या हातसामानात द्या. विमानतळावरच्या एक्स-रेने फ्लॉपीला काही होत नाही. चुंबकी बटणाच्या पर्सला लागून ठेवू नका म्हणावं.

पॅकिंग कसं करायचं हे विक्रेत्याला लिहून कळवा: खोक्याभोवती आधी साधा कागद, मग बबल प्लॅस्टिक, मग चारही बाजूंनी दोन-दोन बोटं जागा राहील असं दुसरं, कडक खोकं. बबलचा फुगीर भाग थेट छपाईवर आला तर उन्हाळ्यात त्याचे गोल ठसे उमटतात. चिकटपट्टी मूळ खोक्याला कुठेही लागता कामा नये.